टॉर्सनेस ते ग्रोहोल्म : एक तास दहा मिनिटं

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी टॉर्सनेसहून ग्रोहोल्मला जाणारं विमान सुटलं. आत सोळा प्रवासी आणि दोन वैमानिक होते. आकाश मोकळं, तापमान उणे अकरा, वारा पाठीमागून. ग्रोहोल्मला उतरण्याची अपेक्षित वेळ अकरा चौदा होती. उतरताना बॅटरीत आठ टक्के वीज शिल्लक असेल, असं उड्डाणाच्या आराखड्यात म्हटलं होतं. त्याखाली टॉर्सनेसची उड्डाण-नियंत्रक शाल्मली कुंभोजकरची सही होती.

सोळा प्रवाशांपैकी एक तिचा नवरा होता.

टॉर्सनेस हे नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचं शेवटचं गाव. ग्रोहोल्म त्याच्याही पलीकडे, बर्फाळ समुद्रातलं चारशे वस्तीचं बेट. दोन्ही धावपट्ट्यांमध्ये चारशे बारा किलोमीटर पाणी आहे आणि वाटेत उतरायला दुसरी जागा नाही. हे अंतर बदलत नाही. वेळ मात्र रोज बदलते, कारण विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं, आणि हवा स्वतः कुठेतरी निघालेली असते. वारा पाठीशी असला की चारशे बारा किलोमीटर तासा-सव्वातासात संपतात. वारा समोरून आला की तेच अंतर दीड तास खातं.

पूर्वी तेलावरच्या विमानांना याची फारशी काळजी नव्हती. तेल जळतं तसं विमान हलकं होतं, आणि थोडं जास्त तेल घेतलं तर फार बिघडत नाही. बॅटरीचं तसं नाही. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढ्याच वजनाची राहते. अडीअडचणीसाठी अर्ध्या तासाची जादा वीज ठेवायची, तर साडेसहाशे किलोचं ओझं प्रत्येक फेरीला न्यायचं आणि न वापरता परत आणायचं. उत्तरेकडच्या मार्गांवर विजेची विमानं आली तेव्हापासून कंपन्यांचा डोळा या साडेसहाशे किलोंवर होता.

तो प्रश्न वाऱ्याच्या बाजूने सुटला. उपग्रहांवरून आणि बेटांवरून लेझरचे किरण हवेत सोडून त्यातले धूलिकण कोणत्या दिशेला, किती वेगाने सरकताहेत हे मोजता येऊ लागलं. वारा दिसू लागला. त्याच्या जोडीला दर फेरीत किती वजन होतं, वारा किती होता आणि वीज किती लागली, हे पाहून शिकत जाणारी संगणकप्रणाली आली. तिचं अधिकृत नाव लांबलचक होतं. टॉर्सनेसमध्ये सगळे तिला रेग्नार म्हणत. रेग्नारने चार वर्षांत सातशेच्या वर फेऱ्यांचा अंदाज वर्तवला आणि उतरण्याची वेळ एकदाही दीड मिनिटापेक्षा जास्त चुकवली नाही. मग जादा वीज अर्ध्या तासावरून सहा मिनिटांवर आणायला परवानगी मिळाली. मागच्या आठवड्यात विमानातून बॅटरीचे खण काढले गेले आणि त्या जागी सात आसनं बसली.

त्या सोमवारचं उड्डाण नव्या नियमाचं पहिलं उड्डाण होतं. ज्या तुकडीने रेग्नारला शिकवलं होतं, तिचा प्रमुख होता शाल्मलीचा नवरा, ओजस; म्हणूनच तो त्यात बसला होता.

*

साडेनऊ वाजता विमान नव्या वजनपट्ट्यावर उभं होतं. धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेत जमिनीत बसवलेला हा पट्टा त्याच सोमवारी सुरू झाला होता. विमान त्यावर उभं राहिलं की माणसं, सामान, बॅटरी सगळ्यांचं एकत्र वजन थेट रेग्नारकडे जातं. कुणी काही लिहायचं नाही.

शाल्मली केशरी जॅकेट घालून शिडीपाशी उभी होती. ओजस शेवटी आला. पाठीवर लेझरच्या दुरुस्तीचं सामान आणि हातात कापडी पिशवी.

"पिशवीत काय आहे?"

"बेसनाचे लाडू. ग्रोहोल्मच्या वेधशाळेत दोघं एकटी राहतात, त्यांना."

"सगळे नेलेस?"

"चार ठेवलेत की. डब्यात, वरच्या फळीवर. तुझा हात पोचत नाही तिथे."

"म्हणजे तुझेच ठेवलेत."

तो हसला. ती हसली नाही. पट्ट्याच्या फलकावर एकूण वजनाचा आकडा स्थिर झाला. शाल्मली क्षणभर त्या आकड्याकडे पाहत राहिली.

"काय गं?"

"काही नाही. कामाचं आहे."

"मग राहू दे," ओजस म्हणाला, आणि शिडी चढून आत गेला.

त्यांच्या घरात एक नियम होता. कामाचं बोलणं उंबऱ्याबाहेर. दीड वर्षापूर्वी हा नियम केला, तेव्हा तो दोघांनाही शहाणपणाचा वाटला होता. रेग्नार पूर्ण कामाला लागला की टॉर्सनेसला उड्डाण-नियंत्रकाची गरज उरणार नव्हती. सही राजधानीतल्या मुख्य केंद्रातून होणार होती. म्हणजे नवऱ्याचं काम जितकं चांगलं होईल, तितकी बायकोची नोकरी लवकर जाणार. "माझ्या पोटावर पाय देतोयस आणि वर विचारतोस, आज दिवस कसा गेला?" असं एकदा ती जेवताना म्हणाली होती. त्या दिवसापासून नियम पाळला गेला. घरात शांतता आली. मालवणहून आईचा फोन आला की ती सांगे, आमचं छान चाललंय. ते खोटं नव्हतं.

*

दहा एकवीसला पहिला ठरलेला निरोप आला. विमानाची कॅप्टन सिग्ने हाउगे चोवीस वर्षं उत्तरेत उडत होती. रेडिओवर ती मोजकंच बोलायची.

"टॉर्सनेस, पाव अंतर झालं. वेळ बरोबर. वारा बरोबर. बॅटरी चौऱ्याहत्तर."

शाल्मलीने आराखडा पाहिला. तिथे शहात्तर होतं.

"सिग्ने, दोन कमी आहेत."

"दिसतंय मला. रेग्नार म्हणतो, बॅटरी थंड आहे, पुढे भरून निघेल."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी बॅटरी अंदाजापेक्षा कमी कधी पाहिली नाही. नेहमी जास्तच असते."

तिचं म्हणणं खरं होतं. चार वर्षांत विमान ग्रोहोल्मला नेहमी अंदाजाइतकी किंवा थोडी जास्तच वीज घेऊन उतरलं होतं. कमी कधीच नाही.

या मार्गावर एक जुनी रीत आहे. कॅप्टन आणि नियंत्रक, दोघांपैकी कुणीही एकाने 'परत' म्हटलं की विमान परत फिरतं. कारण नंतर सांगायचं. मात्र ते परतीची रेषा ओलांडायच्या आत म्हणायला हवं. त्या रेषेपुढे गेल्यावर परत यायला वीज पुरत नाही. वारा पाठीशी असेल तर येताना तोच समोरून येतो, म्हणून रेषा आणखी अलीकडे सरकते. रेग्नारने त्या दिवशीची रेषा दहा एकोणचाळीसला दाखवली होती.

शाल्मलीकडे अठरा मिनिटं होती. तिने मुख्य केंद्राला फोन लावला. तिथल्या पाळीवर हॉल्वर नावाचा अधिकारी होता.

"दोन टक्के मर्यादेत बसतात," तो म्हणाला. "तुला रेग्नारवर शंका आहे का?"

"शंका नाही. फरक आहे, एवढंच सांगतेय."

"मंत्रालयाची माणसं इथे पडद्यासमोर बसलीयत, शाल्मली. पहिल्याच दिवशी टॉर्सनेसच्या नियंत्रकाने विमान परत बोलावलं, तर त्याचा अर्थ लोक काय काढतील, ते मी सांगायला नको."

ते खरोखरच सांगायची गरज नव्हती. टॉर्सनेस एवढंसं गाव. नोकरी वाचवायला हिने नवऱ्याचं विमान फिरवलं, असं दुपारपर्यंत किराणा दुकानात बोललं गेलं असतं. आणि ओजस? तो काहीच बोलला नसता. घरात तसा नियमच होता.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत बसली. वजनपट्ट्याचा सकाळचा आकडा पुन्हा काढून पाहिला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच कमी होता. कमी का, हे तिला माहीत होतं. त्या खोलीत आजवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

ग्रोहोल्मची माणसं पूर्वी घरी जाताना न सांगता सामान नेत. बटाट्याची पोती, बोटीचे सुटे भाग, एकदा तर अख्खं शिवणयंत्र. वजन विचारलं की निम्मं सांगत. म्हणून टॉर्सनेसच्या नियंत्रकांनी फार पूर्वी एक सवय लावून घेतली होती. काटा काही सांगो, आराखड्यात साडेचारशे किलो जास्तीचे लिहायचे. तिथल्या बोलीत त्याला 'मावशीची पेटी' म्हणत. पुढे सामान मोजून घ्यायची शिस्त आली, लपवाछपवी संपली, पण पेटी राहिली. तेवढाच धीर. शाल्मली रुजू झाली तेव्हा आधीच्या नियंत्रकाने तिला दोन गोष्टी दाखवल्या होत्या. कॉफीचं यंत्र कुठे आहे, आणि मावशीची पेटी कुठे लिहायची.

आज पेटी नव्हती. पट्ट्याने खरं वजन पाठवलं होतं. म्हणजे आज सगळं जास्त अचूक असायला हवं होतं. मग वीज कमी का पडतेय?

दहा पंचवीस झाले. दहा अठ्ठावीस. तिने ओजसचा नंबर काढला आणि लावला नाही. काय म्हणणार होती ती त्याला? मी सहा वर्षं खोटं वजन लिहिलं? दहा चौतीसला तिने लावला.

*

विमानात उपग्रहावरून फोन चालतो. पहिल्याच घंटीला त्याने उचलला.

"बोला मॅडम. खाली बर्फाचे तुकडे काय सुरेख दिसताहेत..."

"ओजस, रेग्नार वजन कुठून घेतो?"

"अगं, नियम मोडलास की तू."

"सांग ना."

"वजनपट्ट्यावरून. आजपासून."

"आजचं नाही विचारत. शिकला तेव्हा. चार वर्षं."

"तुमच्या आराखड्यातून. तुम्ही जे लिहायचात, ते. का?"

"ते खरं नव्हतं."



"खरं नव्हतं म्हणजे? किती?"

"साडेचारशे किलो जास्त."

"कधीतरी?"

"दर फेरीला. माझ्या आधीपासून. मीही."

ओजसने श्वास घेतला, तो तिला ऐकू आला. पुढचं त्याला कुणी समजावण्याची गरज नव्हती. रेग्नार लेझरने मोजलेल्या वाऱ्यावर विश्वास ठेवत होता, विजेच्या मीटरवर ठेवत होता, आणि माणसांनी लिहिलेल्या वजनावरही. इतकं जड विमान इतक्या कमी विजेत कसं जातं? त्याने सातशे फेऱ्यांमधून एकच निष्कर्ष काढला होता. या विमानाला वीज कमी लागते. जोपर्यंत वजन खोटं लिहिलं जात होतं, तोपर्यंत ही चूक त्या खोट्यात बरोबर बसत होती आणि अंदाज खरे ठरत होते. पहिल्यांदा खरं वजन मिळालं त्या दिवशी अंदाज चुकला. नेमक्या त्याच दिवशी जादा वीजही काढून टाकलेली होती.

"मला हे आधी सांगता येत नव्हतं तुला?"

"तू कधी विचारलंस?"

"मी कशाला विचारीन, वजन खरं लिहिता का म्हणून?"

"भांडण नंतर, ओजस. पाव अंतराला बॅटरी दोन टक्के कमी होती. किती फरक पडेल तेवढं सांग."

"सात. आठ टक्के. थांब..." तो पुटपुटत होता. "दोन कमी होते ना पावाला? आठ. आठच. उतरताना आठ उरणार होते. म्हणजे काही उरत नाही. शून्यावर पोचतोय आपण."

"रेषेला अजून दोन मिनिटं आहेत. मी परत बोलावते."

"थांब."

"कशाला थांबू?"

"शालू, ती रेषा कुणी काढली?"

रेषाही रेग्नारनेच काढली होती. त्याच चुकीने.

"खरी रेषा छत्तीसच्या आसपास होती," ओजस म्हणाला. "आता किती वाजलेत?"

दहा सदतीस झाले होते.

*

सिग्नेने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मागे गेलो तर किती कमी पडेल?"

ओजस तोवर वैमानिकांच्या दारात जाऊन उभा राहिला होता. त्याने सांगितलं, मागे वारा समोरून आहे, किनाऱ्याच्या बारा-पंधरा किलोमीटर आधी वीज संपेल. पुढे गेलो तर धावपट्टीपाशी. थोडं अलीकडे किंवा थोडं पलीकडे.

"मग पुढे," सिग्ने म्हणाली. "टॉर्सनेस, तुझं काय?"

रीतीप्रमाणे शाल्मलीलाही म्हणावं लागत होतं. "पुढे," ती म्हणाली.

दहा चाळीसला विमानाचा वेग ताशी तीनशे तीसवरून दोनशे ऐंशीवर आणला गेला. हळू गेलं की हवेचा विरोध कमी होतो आणि दर किलोमीटरला वीज थोडी कमी लागते. केबिनमधली ऊब बंद झाली, दिवे बंद झाले. सहवैमानिकाने प्रवाशांना काय सांगितलं, हे शाल्मलीला ओजसकडून कळलं.

"सगळे टोप्या घालून बसलेत. कुणी ओरडलं वगैरे नाही. शेजारचे आजोबा मासेमारी करतात, त्यांनी मला त्यांचे जादा हातमोजे दिले."

"जॅकेटची चेन लाव वरपर्यंत."

"लावलीय. लाडू वाटले सगळ्यांना. विमानाचं वजन तेवढंच राहिलं म्हणा."

"ओजस, मी एकवीसलाच म्हणायला हवं होतं. 'परत' म्हणायचं, बस. कारण लागतच नव्हतं."

"का नाही म्हणालीस?"

"तुझं विमान होतं."

"माझं चुकलंच," तो म्हणाला. "चार वर्षं कधी वीज कमी पडली नाही, नेहमी जरा जास्तच उरायची. मला वाटलं, मी हुशार आहे."

दहा छप्पन्नला बॅटरी तीस टक्के होती आणि एकशेवीस किलोमीटर राहिले होते. वाऱ्याच्या बाबतीत रेग्नार चुकत नव्हता, आणि आता तीच अडचण होती. तो दाखवत होता की अकरा दहानंतर ग्रोहोल्मच्या अलीकडे वारा पडेल आणि मग समोरून वाहू लागेल. ठरलेल्या वेगाने गेले असते तर त्याच्या आत बरंचसं अंतर कापलं असतं. वीज वाचवायला जी मिनिटं खर्ची घातली होती, तीच मिनिटं वाऱ्याच्या हाती लागत होती. शाल्मलीने ग्रोहोल्मला कळवलं. तिथला एकुलता एक अग्निशामक बंब धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. जवळच्या पाण्यात मासेमारीची एक बोट होती, तिला धावपट्टीच्या रेषेत यायला सांगितलं गेलं.

हॉल्वरचा फोन आला. मंत्रालयाची माणसं अजून बसलेली आहेत का, असं तिने विचारलं. "उठली," तो म्हणाला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "माझ्यामुळे तू थांबलीस का?"

"थोडी तुझ्यामुळे," ती म्हणाली. "फोन मोकळा ठेव."

अकरा दहाला बॅटरी चौदा, अंतर पन्नास. वारा पडला. अकरा बाराला सिग्नेने सांगितलं की आता प्रवाशांचा फोनही बंद करते, तेवढीच वीज. शाल्मलीने पुन्हा नंबर लावला तेव्हा एकदाच घंटी वाजली.

"बोल," ओजस म्हणाला. "पटकन."

"पायात बूट आहेत ना?" तिने विचारलं.

"आहेत गं," तो म्हणाला, आणि फोन तुटला.

अकरा सोळाला विमानाने सात टक्के कळवले. ग्रोहोल्मपाशी समुद्रावर धुक्याचा पट्टा चढला होता, पण धावपट्टीचे दिवे वरून दिसत होते. थंड बॅटरीचे शेवटचे चार-पाच टक्के भरवशाचे नसतात. ते सावकाश संपतात किंवा एकदम संपतात. अकरा एकोणीसला पडद्यावरचा विमानाचा ठिपका धावपट्टीपासून साडेसात किलोमीटरवर थांबला. याचा अर्थ विमान थांबलं असा होत नाही. चार टक्क्यांखाली आलं की विमान आधी उपग्रहाची जोडणी तोडतं आणि उरलेली वीज पंख्यांना देतं. शाल्मलीला हे माहीत होतं. तरी ती ठिपक्याकडेच पाहत होती.

ग्रोहोल्मच्या विमानतळावर फोन उचलायला कुणी नव्हतं. तिथली दोन्ही माणसं बंबाजवळ होती. मग तिने बोटीला लावला. बोटीचा मालक टुर्बयोर्न वाऱ्यात ओरडून बोलत होता.

"गेलं! आमच्या डोक्यावरून गेलं!"

"कधी?"

"आत्ता. एकवीसला. बेटाकडेच गेलं."

"तुम्ही धावपट्टीपासून किती लांब आहात?"

"अडीच किलोमीटर. कमीच असेल."

"उंची?"

"फार नव्हती. खिडक्या दिसल्या."

"पंखे फिरत होते का? दोन्ही?"

त्याला नीट आठवून सांगायचं होतं.

"डावा फिरत होता," तो म्हणाला. "तो मी पाहिला. उजव्या बाजूला नजर जाईपर्यंत ते धुक्यात शिरलं."

"मग काही आवाज?"

"इथे वारा आहे, बाई. मला काहीच ऐकू येत नाहीये."

बोट बेटाकडे वळवलेली आहे. धुक्यामुळे बंब दिसत नाही. ग्रोहोल्मचा फोन अकरा अठ्ठावीसपर्यंत कुणी उचललेला नाही.